पाच वेळा वापरलेले घन आम्ल

जे काम दोन चमचे ॲसिडने तासाभरात उरकतं, तेच काम सतरा दिवसांत आणि एका समितीच्या देखरेखीखाली करता येऊ लागलं, की त्या देशात विज्ञान रुजलं असं खुशाल समजावं. या कसोटीवर जोगजाच्या त्या विद्यापीठातली, दुसऱ्या मजल्यावरची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा अख्ख्या जावा बेटात पहिल्या तिनांत सहज बसली असती.

बू कुंतारी तिथे अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होत्या. (बू म्हणजे बाई. पुरुषाला मानाने 'पाक' म्हणतात. साखरेच्या पाकाशी या शब्दाचा संबंध नाही, निदान ही हकीकत सुरू झाली तेव्हा नव्हता.) प्रयोगशाळेत कामाची वाटणी स्वच्छ होती. भट्टी पेटवणं, तोलणं, दळणं, धुणं, गाळणं, वाळवणं, मोजणं आणि फुटलेल्या काचांची नोंद ठेवणं हे बू कुंतारींकडे. उरलेलं सगळं, म्हणजे शोध लावणं, डॉक्टर पाक विरात्मो यांच्याकडे.

पाक विरात्मो सज्जन गृहस्थ होते. वय सत्तावन्न, आवाज मऊ, गुरुवारी न चुकता पट्ट्यापट्ट्यांचा लुरिक सदरा. कोणावर आवाज चढवला नाही, कोणाचा डबा उघडला नाही. फक्त त्यांची महागुरू होण्याची फाईल सहा वर्षं तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली होती. महागुरू हे तिथल्या प्राध्यापकांचं सर्वोच्च पद. त्यासाठी तीन गोष्टी कमी पडत होत्या: एक, परदेशी नियतकालिकातला लेख, दोन, संशोधनामुळे समाजाचं भलं झाल्याचा पुरावा, शक्यतो छायाचित्रासह, आणि तीन, प्रयोगवहीच्या प्रत्येक पानावर सहायकाची सही.

यावर उपाय म्हणून त्यांनी घन आम्ल उत्प्रेरक हाती घेतला.

उत्प्रेरक म्हणजे जो स्वतः जसाच्या तसा राहून इतरांकडून भराभर काम करून घेतो. (विद्यापीठात या पदार्थाला विभागप्रमुख म्हणतात.) तळणीच्या वापरलेल्या तेलापासून इंजिनाचं इंधन करायचं तर आधी त्या तेलाचा खवटपणा मोडावा लागतो, आणि तो मोडायला आम्ल लागतं. साधं सल्फ्युरिक ॲसिड हे काम करतं. पण ते पातळ असतं, चटके देतं, भांडी खातं, आणि मुख्य म्हणजे ते दीडशे वर्षं सगळ्यांना माहीत आहे. त्यावर लेख छापून येत नाही. म्हणून आम्लच घट्ट करायचं, भुकटीच्या रूपात. काम झालं की गाळून काढायचं, पुन्हा वापरायचं. याला हिरवं रसायनशास्त्र म्हणतात.

कृती येणेप्रमाणे. पाचितानच्या डोंगरातली, मुलतानी मातीच्या जातीची चिकणमाती घ्यावी. ती साखरेच्या पाण्यात भिजवावी. (प्रस्तावात आधी साधी साखर होती. मंजुरी देणाऱ्यांनी 'स्थानिक शहाणपण कुठे आहे?' असा शेरा मारला, तेव्हा साखरेच्या जागी माडाचा गूळ आला. स्थानिक शहाणपण बाजारात किलोवर मिळतं.) मिश्रण तांबूस होईपर्यंत आटवावं. मग ते हवा न लागू देता चारशे अंशांवर जाळून त्याचा कोळसा करावा. कोळसा दळावा. ही काळी पूड दहापट सल्फ्युरिक ॲसिडमध्ये पंधरा तास उकळत्या तेलाहून कमी, पण हात घालवणार नाही इतक्या आचेवर ढवळावी. मग गरम पाण्याने धुवावी. मग पुन्हा धुवावी. बू कुंतारी ती एकेचाळीस वेळा धूत. धुण्याच्या पाण्यात ॲसिडचा मागमूस राहिला नाही की वाळवावी. घन आम्ल तयार.

पाच लिटर तेलाला अशी पाव किलो पूड लागे. पाव किलो पुडीला अडीच लिटर ॲसिड लागे. ते पाच लिटर तेल नुसत्या ॲसिडने केलं असतं तर पंचवीस मिलिलिटर पुरलं असतं. म्हणजे एक वाटी ॲसिड वाचवण्यासाठी शंभर वाट्या ॲसिड खर्ची पडे आणि खालच्या बागेतली तीन झाडं धुण्याच्या पाण्याने वाळली. ही झाडं सोडल्यास सदर प्रकल्प पूर्णपणे हिरवा होता.

पहिल्या खेपेला पुडीने तेलातला चौऱ्याण्णव टक्के खवटपणा मोडला. पाक विरात्मोंनी त्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांना लेम्पर वाटले. केळीच्या पानात गुंडाळलेला तो चिकट भात खाताना बू कुंतारींनाही मनापासून बरं वाटलं. हात त्यांचेच भाजले होते.

पूड गाळून, धुऊन, वाळवून त्यांनी पुन्हा वापरली. एकसष्ट टक्के. पुन्हा, अडतीस. मग एकोणीस. पाचव्या खेपेला अकरा. पूड न घालता नुसतं तेल तापवलं तर नऊ येत होते.

"पूड दमलीय," पाक विरात्मो म्हणाले.

"पाक, माती दमत नाही."

"मग हवेतला ओलावा असेल. आपण असं करू, बू. नव्याने पाच वेळा करून बघा."

त्यांनी नव्याने पाच वेळा केलं. म्हणजे पाच वेळा नवीन पूड केली आणि प्रत्येक पूड एकेकदा वापरली, कारण पाक विरात्मोंनी सांगितलं होतं ते एवढंच. चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव, एक्याण्णव. आकडे इतके देखणे होते की पाक विरात्मोंनी ते लगेच आलेखात मांडले. खाली ओळ लिहिली: 'उत्प्रेरक पाच वेळा वापरला असता कार्यक्षमतेत लक्षणीय घट आढळली नाही.' मग वही घेऊन ते बू कुंतारींच्या टेबलाशी आले.

"बू, एवढी सही करा ना इथं."

बू कुंतारींनी चष्मा लावला. "पाच वेळा वापरला असं आहे यात."

"वापरलाच की! तुम्हीच वापरलात. मोजा ना बोटांवर."

"पण दर खेपेला पूड नवी होती."

"ते बरोबर. पण वापरली पाचदाच ना? तीच ती वापरली असं कुठं लिहिलंय, दाखवा मला."

बू कुंतारींनी ओळ दोनदा वाचली. खरंच लिहिलेलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी शुद्ध पाण्यापासून शुद्ध अल्कोहोलपर्यंत बरंच काही पाहिलं होतं, पण इतकं शुद्ध वाक्य पहिल्यांदाच पाहत होत्या.

"उद्या करते सही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक साधी गोष्ट केली, जी कोणी सांगितली नव्हती. पूड तासभर नुसत्या मिथेनॉलमध्ये, म्हणजे तेलात एरवीही मिसळायच्या स्पिरिटमध्ये, भिजत घातली, गाळून बाजूला काढली आणि ते मिथेनॉल तेलात ओतलं. पुडीचा कण नसताना खवटपणा अठ्ठ्याऐंशी टक्के मोडला. चहाची पत्ती गाळून टाकली तरी चहा कपात उरतो, तसं ते होतं. एकेचाळीस वेळा पाण्याने धुऊन न निघालेलं आम्ल मिथेनॉलमध्ये पहिल्याच तासात सुटून येत होतं. म्हणजे घन आम्ल हे मातीत मुरवून पुन्हा सोडवलेलं पातळ आम्लच होतं. फक्त वाट लांबची.

त्यांनी हे पाक विरात्मोंना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"बू, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलू? विचारलं कोणी?" ते खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसले. "पूड चालत नाही असा लेख कोण छापतं, सांगा बरं. आणि चालते असे तीनशे बारा लेख छापून झालेत. तांदळाच्या तुसापासून, केळीच्या सालीपासून, डुरियन फळाच्या कवचापासून. मी एकटा उठून सगळ्यांच्या पोटावर पाय आणू?"

"सगळ्यांची पाच वेळा चालते?"

"पाचच. सहा लिहिलं तर एखादा करून बघेल."

बू कुंतारींनी सही केली. पण सहीच्या शेजारी, त्याच निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'प्रत्येक वेळी नवी पूड. जुनी पाचव्या खेपेला ११ टक्के. पूड काढून नुसत्या द्रवाने ८८ टक्के.' त्यांना वाटलं, आता काय व्हायचं ते होईल. दोन वर्षांवर निवृत्ती आली होती. होईल ते सोसायची त्यांची तयारी होती.

काहीच झालं नाही. वहीच्या छायाप्रती चार संचांत निघाल्या. हिरव्या, लाल, पिवळ्या आणि निळ्या फोल्डरांत गेल्या. त्यावर नऊ शिक्के बसले. सात अधिकाऱ्यांनी तपासल्याची नोंद केली. तपासणीच्या यादीत 'सहायकाची सही आहे काय?' असा रकाना होता. 'तिच्याशेजारी काय लिहिलं आहे?' असा नव्हता. खरं बोलण्यावर त्या विद्यापीठात कधीच बंदी नव्हती. त्यासाठी वेगळा अर्ज मात्र नव्हता.

राहिला समाज. त्याचा शोध बांतुलमधल्या एका खेड्यात लागला. तिथे म्बोक पोनिरा आणि आणखी तेरा बायका मिळून केरुपुक करायच्या, म्हणजे तळल्यावर फुलणारा तो टॅपिओकाचा पापड. (म्बोक म्हणजे माय, पोनिरा साठीच्या पुढच्या होत्या आणि गावातल्या कोणाही अधिकाऱ्याला त्याच्या लहानपणीच्या नावाने हाक मारत.) पीठ मळायच्या यंत्राला एकच डिझेल इंजिन होतं, आणि ते इंजिन म्हणजे चौदा चुली. पाक विरात्मोंनी या बायकांना शब्द दिला होता: तळणीचं जुनं तेल आम्हाला द्या, आम्ही त्याचं इंधन करून परत देऊ. त्यावर बायकांनी आठ महिने सगळं तेल डब्यांत भरून विद्यापीठाच्या गाडीत चढवलं होतं.

प्रात्यक्षिकाची तारीख ठरली. उपजिल्हाप्रमुख येणार होते. फलक छापला गेला, सहा मीटर लांब: 'माती आणि माडाचा गूळ: ऊर्जास्वावलंबी ग्राम.' बू कुंतारींनी पुडीने केलेलं वीस लिटर इंधन तपासलं. त्यात अजून खवटपणा होता, आणि वरून सुटून आलेलं आम्लही होतं. कागदाची पट्टी बुडवली ती लालभडक झाली. हे त्या इंजिनात गेलं असतं तर कार्यक्रमापुरतं चाललं असतं. नंतर आठवड्याभरात आतून खात सुटलं असतं.

त्या रविवारी बू कुंतारी बस धरून गावात गेल्या. म्बोक पोनिरा अंगणात बांबूच्या चटयांवर केरुपुकच्या चकत्या वाळत घालत होत्या.

"म्बोक, त्या दिवशी आमचं इंधन इंजिनात घालू देऊ नका."

"का गं, बू?"

"इंजिन खाईल ते."

पोनिरांनी हातातली चकती खाली ठेवली. "मग काय घालायचं?"

"तुमचं नेहमीचं डिझेल घाला. कोणाला कळणार नाही."

"नेहमीचं डिझेल आम्ही नेहमीच घालतो. त्याला बघायला उपजिल्हाप्रमुख कशाला यायला हवेत? मी घरी हाक मारून दाखवते की त्यांना." मग त्यांचा आवाज उतरला. "आठ महिने झाले, बू. आधी साबणवाला तेल न्यायचा, चौदा घरांना साबण द्यायचा. त्याला नाही म्हणून सांगितलं मी. या बायकांना मी सांगितलं, मोठ्या शाळेतली माणसं आहेत, खोटं बोलणार नाहीत. ते माझ्या तोंडून गेलंय."

बू कुंतारी उठून बसच्या थांब्याकडे निघाल्या. परतीच्या बसमध्ये त्यांना इतकी लाज वाटली की शेजारच्या बाईने विचारलं, पोटात दुखतंय का.

सोमवारी त्यांनी कपाटातली ॲसिडची बाटली काढली. वीस लिटर तेल, शंभर मिलिलिटर ॲसिड, मिथेनॉल. खवटपणा मोडला. मग कॉस्टिक सोडा, मग रात्रभर निवळणं, मग कोमट पाण्याने तीन धुणी, मग वाळवणं. बुधवारी दुपारी डब्यात पिवळंधमक, मधासारखं इंधन होतं आणि पट्टीचा रंग बदलत नव्हता. पुडीने केलेल्या इंधनाच्या डब्यावर त्यांनी चिठ्ठी लावली: 'इंजिनात घालू नये.' (पुढे विभागाने तो डबा नमुना म्हणून काचेच्या कपाटात ठेवला. चिठ्ठी काढली नाही. कपाटाच्या काचेवर ती फार शास्त्रीय दिसते असं सर्वांचं मत पडलं.)

प्रात्यक्षिक ठरल्याप्रमाणे झालं. उपस्थिती एकशे अठरा. भाषणं सात. नाश्त्याची खोकी एकशे चाळीस, प्रत्येकात एक गोड, एक तिखट आणि एक पानात गुंडाळलेला पदार्थ. चाळीस मिनिटं उपस्थित मान्यवरांची नावं घेण्यात गेली आणि दीड मिनिटात इंजिन सुरू झालं. ते पहिल्या झटक्याला लागलं. धूर कमी, आवाज गोल, वास तळलेल्या केरुपुकचा. चौदा बायकांनी एकमेकींचे हात धरले. म्बोक पोनिरांनी पदराच्या टोकाने डोळे पुसले आणि लगेच कोणी पाहिलं नाही ना हे पाहिलं.

सूत्रसंचालिकेने माइक फिरवला. "या शोधामागचे कष्टाळू हात! बू कुंतारी, दोन शब्द."

बू कुंतारींनी माइक हातात घेतला. समोर सहा मीटरचा फलक होता.

"हे इंधन पुडीने केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "साध्या ॲसिडने केलंय. पुडीने केलेलं खराब होतं. माती आणि गुळाचा यात काही संबंध नाही."

पाक विरात्मो खुर्चीच्या कडेवर सरकले.

मग उपजिल्हाप्रमुख हसले. दिलखुलास, पोटापासून. "बघा! आमच्या जावाची बाई! एवढं मोठं काम केलं आणि म्हणते, आमचा काही संबंध नाही. याला म्हणतात विनय!" टाळ्या झाल्या. सूत्रसंचालिकेने माइक हळूच सोडवून घेतला आणि विनयाबद्दल आभार मानले. वार्ताहरांनी विनयाचं छायाचित्र घेतलं, अंगठे वर करून.

परतीच्या गाडीत पाक विरात्मो बू कुंतारींच्या शेजारी येऊन बसले.

"बू, तुम्ही बोललात ना माइकवर..."

"खरं होतं ते."

"माहीत आहे. घाबरलो मी." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "मग टाळ्या वाजल्या. तेव्हा जास्त घाबरलो."

चार महिन्यांनी ते महागुरू झाले. फाईलमध्ये लेख होता, छायाचित्र होतं, सही होती. पदग्रहणाच्या भाषणात त्यांनी बू कुंतारींचं नाव दोनदा घेतलं, आणि दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी पुडीवर एकही लेख लिहिला नाही. एवढंच त्यांना जमलं, आणि ते कमी होतं असं म्हणण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने जरूर म्हणावं.

बू कुंतारी दर शनिवारी सकाळी बांतुलला जाऊ लागल्या. म्बोक पोनिरा आणि आणखी दोघी बायका हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, अंगणापासून लांब छपराखाली साध्या ॲसिडने इंधन करायला शिकल्या. तेल आता वाया जात नव्हतं. इंजिन ठणठणीत होतं. पोनिरा तर जिभेवर एक थेंब ठेवून तेल किती खवट आहे ते सांगायच्या आणि पट्टी त्यांना दुजोरा द्यायची. गावाच्या वेशीवर सरकारने पाटी उभारली: 'माती-गूळ ऊर्जा ग्राम'. सरकारी अहवालात पुडीचा वापर महिन्याला सहा किलो असा दाखवला जाई. गावात पुडीचा चमचाही नव्हता. चांगलं काम एकदा चुकीच्या नावाने सुरू झालं की ते कोणी बंद पाडायला येत नाही, हा त्यातला फायदा बू कुंतारींच्याही लक्षात आला, आणि तो लक्षात आल्याचं त्यांना आवडलं नाही.

पाटी झाल्यावर पाहुणे यायला लागले. सुलावेसी बेटावरून आले, मलेशियाहून आले. एका पावसाळ्यात परदेशातून अकरा जणांचं अभ्यासमंडळ आलं. ती माणसंही उसाच्या मुलखातली होती, त्यांच्याकडे साखर होती, मळी होती, काळी चिकण मातीही होती. गळ्यात ओळखपत्रं, कपाळाला घाम, हातात नारळपाणी. दुभाष्या इंग्रजीतून बोलत होता. प्रमुखांनी विचारलं, पूड किती खेपा चालते?

बू कुंतारींनी दुभाष्याची वाट पाहिली नाही. होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोळा करून त्या म्हणाल्या की पूड चालत नाही, ॲसिड चालतं, आणि हवं तर आत्ता करून दाखवते.

प्रमुखांनी मान डोलावली आणि शेजारच्याकडे वळून आपल्या भाषेत म्हणाले, "बाई खरं बोलतेय रे."

"मग काय करायचं, साहेब?"

"काय करायचं म्हणजे? पाटीचं माप घे, प्रस्तावात टाकू. आणि फोटो काढताना बाईंना जरा कडेला घे."

बू कुंतारींना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्या हसल्या आणि पाहुण्यांसाठी वाकून मान लववली. दुभाष्याने खांदे उडवले, त्यालाही ती भाषा येत नव्हती. तुम्ही मात्र ती कुठेही न अडखळता वाचलीत.